काचेवरचं तेल

ताईला तेलाबद्दल बोलायला लावणं म्हणजे उतारावर हातगाडी सोडणं. एकदा सुटली की समोरच्याने बाजूला झालेलं बरं. दुकानात कुणी घाईघाईने येऊन नुसतं "एक बाटली द्या" म्हणालं, तरी त्याची सुटका नसे.

"कशासाठी हवंय?" ती विचारायची. "तेल म्हणजे नुसतं तेल नव्हे हो. त्यात मेदाम्लं असतात, आणि कातडीला त्यातलं कुठलं मिळतंय यावर सगळा खेळ. लिनोलेइक आम्ल कातडीची भिंत लिंपतं. ओलेइक आम्ल भिंतीतून वाट काढत आत शिरतं. टाचांना भेगा पडल्यात? मग ओलेइकवालं न्या, राठ कातडी मऊ पडते. कातडी नाजूक आहे, लाल होते, चुरचुरते? मग लिनोलेइकवालंच. लहान मुलांना तर तेच."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. कळलं म्हणून नव्हे, बाटली मिळावी म्हणून. पण परत यायचं हेही खरं, कारण तिच्या मालात खोट नसायची. बी ती स्वतः पाखडून घ्यायची, घाण्यातून निघालेलं तेल पिंपात निवळू द्यायची आणि वरचं नितळ तेवढंच भरायची. या सगळ्यामुळे घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भावाकडे कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरच्या आधी ताईला फोन जायचा.

भावाच्या तान्ह्या मुलीचं तेल अर्थातच तिच्याकडून जायचं. तिला सगळे छकुली म्हणत. छकुलीची कातडी जन्मापासून कोरडी, जरा वारा लागला की पापुद्रे सुटायचे. ताई तिच्यासाठी सूर्यफुलाच्या साध्या बियांचं, लिनोलेइक भरपूर असलेलं तेल काढायची, आणि ते पोरीला छान मानवलं होतं.

पण या तेलाची एक खोड होती. हवा लागली की ते लवकर खवट व्हायचं. गिऱ्हाइकं बाटल्या परत आणू लागली, नाकं मुरडू लागली. तेव्हा बियांच्या व्यापाऱ्याने दुसरी जात सुचवली. सूर्यफूलच, पण ओलेइक भरपूर असलेलं. रंग तोच, वास तोच, आणि तेल महिनोन्महिने जसंच्या तसं. ताईने ते घेतलं. टाचांचं तेल वेगळं आणि नाजूक कातडीचं वेगळं, हे रोज घसा कोरडा करून सांगणारी बाई ती. पण लेबलांचं जुनं भेंडोळं शिल्लक होतं आणि त्यावर 'नाजूक त्वचेसाठी' असं ठळक छापलेलं होतं. एवढं भेंडोळं संपू दे, मग बघू, असं तिने ठरवलं. बघू म्हटलेल्या गोष्टी कोण कधी बघतं?

छकुलीसाठी मात्र तिने जुन्या बियांचं एक पोतं कोपऱ्यात वेगळं ठेवलं होतं. इतपत अक्कल शाबूत होती. फक्त एका पोरीच्या बाटलीसाठी घाणा उघडायचा, आधीची पेंड खरवडायची, भाग धुवायचे, पुसायचे, वाळवायचे, यात अख्खी सकाळ जायची. एकदा मनगट दुखत होतं, दुकानात गर्दी होती. तिने मोठ्या पिंपाची तोटी सोडली आणि छकुलीची बाटली भरून टाकली. 'सूर्यफूल ते सूर्यफूलच,' असं स्वतःशी म्हणालीसुद्धा. हेच वाक्य एखाद्या गिऱ्हाइकाने उच्चारलं असतं तर तिने त्याला काउंटरपाशी अर्धा तास उभं केलं असतं. पुढच्या वेळी मनगट दुखत नव्हतं, तरी हात तोटीकडेच गेला.

काही आठवड्यांनी छकुलीच्या गुडघ्यांमागे आणि कोपरांच्या वळणात लाल चट्टे उठले. पोर रडरड रडायची, चादरीवर गाल घासायची. ताई पोचली तेव्हा सगळे पलंगाभोवती जमले होते. आई, म्हणजे छकुलीची आजी, पंखा बंद करत होती. भाऊ दिव्याखाली धरून पोरीचा पाय बघत होता. भावजय नुकतीच कामावरून आली होती आणि तेल लावायला बसली होती. बाटली तिच्या मांडीशी उभी होती.

ताईची नजर चट्ट्यांवर गेली, तिथून बाटलीवर गेली. आणि मग तिने पुढे होऊन भावजयीचा हात धरला, उलटा केला आणि बोटांवरून आपला अंगठा फिरवला.

"अगं, तुझे हात बघ केवढे खरखरीत झालेत," ती म्हणाली. "असे हात या कातडीवर फिरवतेस?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण शब्द ताईचा होता, तो खाली पडणार कसा? भावजय जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करण्याच्या कारखान्यात काम करायची. दिवसभर पॉलिशपेपरने खुर्च्यांचे हात आणि टेबलांच्या कडा घासायची. बोटं खरखरीत होतीच. आई लगेच म्हणाली, "मी मनात तेच म्हणत होते, पण मी बोलले तर सासू बोलते असं व्हायचं." भावाने बायकोच्या हातांकडे असं पाहिलं, जणू आजच पाहत होता. भावजयीने हात मांडीवरच्या ओढणीत गुंडाळून घेतले.

डॉक्टरकडे ताईच बरोबर गेली. डॉक्टरबाईंनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, "अंगाला काय लावता?"

"घरचंच सूर्यफुलाचं तेल," भावजय म्हणाली. "ताई स्वतः काढतात."

"चांगलं आहे. तेच चालू ठेवा."

ताई बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तोंड उघडायला यापेक्षा चांगली वेळ कोणती असणार? कुठलं सूर्यफूल, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ती भिंतीवरच्या बाळांच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत राहिली. हवासुद्धा कोरडी आहे सध्या, ती मनात म्हणाली. साबणाचंही असू शकतं. तेलानेच झालं असं छातीठोकपणे कोण सांगेल? हे सगळं खरंच होतं. पण बचावाला खरं धावून आलं म्हणजे माणूस निर्दोष झालं असं नाही, आणि हे ताईलाही कळत होतं. चोराच्या मनात चांदणं पडलं होतं.

भावजयीने पातळ सुती हातमोजे आणले. आईची बोटं सांध्यांनी वाकडी झालेली, तिला पोर उचलवत नसे, म्हणून तेल लावण्याचं काम भावजयीकडेच राहिलं. ते ती मोजे घालून करायची. मग मोजे घालूनच कपडे बदलू लागली. मग मोजे घालूनच झोपवू लागली. पोर तिच्या बोटाला पकडायची तेव्हा मुठीत कापड यायचं.

एका रविवारी ताई भेटायला गेली तेव्हा भावजय तेलाची बाटली पुसत होती. मुळात तिचा स्वभाव कौतुकाचा, दुसऱ्याचं चांगलं दिसलं की बोलून दाखवणार.

"ताई, तुमचं तेल आता फारच छान येतं हं," ती म्हणाली. "आधी बाटलीचं तोंड कसं चिकट व्हायचं. आमच्याकडे जवसाच्या तेलाच्या डब्याचं होतं ना, तसंच. काचेवर थेंब पडला तर चार-आठ दिवसांत तो गोंदासारखा व्हायचा. आता बघा, कितीही दिवस ठेवा, तोंड कसं स्वच्छ."

ताईने बाटली हातात घेतली. तोंड खरंच स्वच्छ होतं. हवेत चिकट होतं ते लिनोलेइक, आणि भिंत लिंपतं तेही तेच. ज्या पोरीच्या कातडीला लिंपणाची गरज होती तिच्या बाटलीत आता ते नावापुरतं उरलं होतं. इतके दिवस ताईने 'असेल, नसेल' करत ढकललेली गोष्ट भावजयीने तिच्या हातात आणून ठेवली होती, तीही शाबासकी म्हणून. ताईला ओशाळं हसू आलं. "हो का?" एवढंच ती म्हणाली, आणि चहा न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान बंद ठेवलं, घाणा धुतला, कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड उसवलं आणि जुन्या बियांचं तेल काढलं. ते नेऊन दिलं आणि आधीची बाटली "जरा तळाशी गाळ दिसतोय" म्हणून परत आणली. मनाशी हिशेब सोपा होता. पोर बरी होईल, विषय संपेल, कुणाला काही कळायचं कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोर खरोखरच सावरू लागली. चट्टे फिके पडले, कातडीचे पापुद्रे थांबले, ती रात्रीची सलग झोपू लागली. आता मलमही चालू होतं, म्हणून सगळं श्रेय तेलाचं म्हणता येणार नाही. पण घरात श्रेय ना मलमाला मिळालं ना तेलाला. ते मिळालं हातमोज्यांना.

"बघ," आई म्हणाली, "हात लागायचा थांबला आणि पोर बरी झाली. ताईने एका नजरेत ओळखलं होतं."

भाऊही म्हणाला, "ताई नसती तर आपण शोधतच बसलो असतो."

ताईने पोरीला मांडीवर घेतलं होतं. तिच्या पोटऱ्या लोण्यासारख्या झाल्या होत्या. समोर भावजय मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून हसत होती, हरलेलं माणूस पंचांना हसून दाखवतं तसं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्याशाने स्वतःच फास गळ्यात घालून घेतला होता आणि चोराला आसन मांडून बसवलं होतं. ताईला तिथे बसवेना. ती म्हणाली काय, तर "बाजारात गाजरं छान आली आहेत."

पुढच्या आठवड्यात ती गेली तेव्हा दाराशी एक कापडी पिशवी भरून ठेवलेली होती.

"ताई, तुमच्या दुकानाच्या वाटेवरच आमचा कारखाना आहे," भावजय म्हणाली. "जाताना एवढी पिशवी मिस्त्रींना द्याल? माझे घासायचे ठोकळे आणि ब्रश आहेत. मी नाही जाणार उद्यापासून."

"का गं? रजा?"

"सोडलं. दोन दगडांवर पाय नको. पॉलिश करत राहिले तर हात असेच राहणार, आणि पोरीला जन्मभर मोजे घालून का जवळ घेऊ? काम काय, दुसरंही मिळेल." मग हळूच म्हणाली, "मिस्त्रींसमोर जायला मला जमायचं नाही. रडायला येईल."

ताईने पिशवी घेतली. घ्यायलाच नको होती, पण घेतली.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. आत भुशाचा आणि स्पिरिटचा वास. मिस्त्री एका गोल टेबलावर वाकले होते. वय झालेलं, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. ताईने पिशवी पुढे केली तशी ती न घेता ते आधी खुर्चीवर बसले.

"म्हणजे खरंच नाही येणार?" ते म्हणाले. "मला वाटलं, बाळंतपणानंतर येतात असे विचार, जातीलही. तिच्या जागी दुसरी मुलगी विचारायला आलीय, पण मी थांबवून ठेवलंय तिला." त्यांनी टेबलाकडे हात केला. "हे बघा ताई, मी डोळ्यांनी काम करतो. ती बोटांनी करायची. मी म्हणायचो झालं, आणि ती डोळे मिटून हात फिरवायची आणि म्हणायची, नाही, इथे एक कण राहिलाय. मला भिंगातून बघावं लागायचं, आणि कण असायचाच. तिने कधी लाकडाला ओरखडा पाडल्याचं मला आठवत नाही. पोरीला लागतं म्हणाली तिच्या हाताने. मला काही पटत नाही. पण घरच्यांनी ठरवलं म्हणते, आणि तुम्ही तर जाणकार, तुम्हीच ओळखलंत ना?"

ताईला एकदम खूप थकल्यासारखं झालं. डॉक्टरबाईंसमोर ती गप्प बसली होती, आईसमोर बसली होती, आणि आता हा परका माणूस तिच्याच शब्दाला मान देऊन भावजयीची जागा दुसरीला देणार होता. तिने पिशवी परत काखोटीला मारली.

"जागा कुणाला देऊ नका," ती म्हणाली. "मी ओळखलं नव्हतं. मी खोटं बोलले होते."

मिस्त्री चष्मा लावून बघेपर्यंत ती बाहेर पडली होती.

भावाकडे सगळे घरातच होते. आई पलंगावर पाय चोळत बसली होती. भाऊ कामावरून येऊन बूट काढत होता. भावजय छकुलीला तेल लावत होती, मोजे घालून. ताई दारातच उभी राहिली. सगळ्यांसमोर बोलले होते, आता फिरवायचंही सगळ्यांसमोरच, असं तिने वाटेवर ठरवलं होतं, आणि आत बसली तर पुन्हा गाजरांवर घसरेल याची तिला धास्ती होती.

"पिशवी परत आणलीत?" भावजयीने विचारलं.

"ते मोजे काढ," ताई म्हणाली. "तुझ्या हातांनी काही झालं नाही. माझ्या तेलाने झालं."

"सूर्यफुलाचंच तर होतं ना?" आई म्हणाली.

मग ताईने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने तेलाबद्दल सांगताना कसलाही डौल आणला नाही. टिकावं म्हणून बी बदललं, ते या कातडीचं नव्हे हे माहीत होतं, तरी घाणा धुवायचा कंटाळा म्हणून मोठ्या पिंपातून बाटली भरली. मग गुपचूप बदलली. पोर बरी झाली ती त्यानंतर. मलमानेही झाली असेल, पण मोज्यांनी नाही.

मग भाऊ म्हणाला, "असू दे गं ताई. तू काय मुद्दाम केलंस?"

"माणूस आहे, चुकायचंच," आई म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? ये, बस. पाणी पी."

किती चटकन माफी मिळाली! तिला बसायला चादर सारखी केली गेली, पाण्याचा तांब्या पुढे आला. हेच वाक्य, माणूस आहे, चुकायचंच, या घरात इतके दिवस भावजयीसाठी कुणाला सुचलं नव्हतं. ताईच्या ते लक्षात आलं. ती बसली, पण तांब्या तिने तसाच बाजूला सारला.

भावजयीने मोजे काढले नव्हते. ती ताईकडे बघत होती.

"डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि माझा हात धरून सगळ्यांना दाखवलात, तेव्हा?"

इथे नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? बाटलीवरून हातापर्यंत गेलेली नजर तिच्याशिवाय कुणी पाहिली नव्हती.

"नजर आधी बाटलीवरच गेली होती," ताई म्हणाली. "मग तुझा हात धरला."

"अगं, जाऊ दे आता," भाऊ बायकोला म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतेय?" भावजय म्हणाली. "तेल काय, कुणाचंही चुकतं." तिने एकेक बोट ओढून मोजे काढले आणि घडी करून बाजूला ठेवले. छकुली पाय उडवत होती. भावजयीने हात पुढे नेला आणि तो पोरीच्या पोटाच्या वर, जराशा अंतरावर, तसाच थांबला. तिने पुन्हा नेला, पुन्हा थांबला. "बघा ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "आता हात लावायचीच भीती वाटते."

शेवटी छकुलीनेच वर आलेलं बोट मुठीत धरलं आणि तोंडाकडे ओढलं. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. भावजय कारखान्यात परत गेली, तिची जागा मिस्त्रींनी राखली होती. दुकानातल्या बाटल्यांवरची जुनी लेबलं ताईने एकेक सोलून काढली आणि कोणतं तेल कशासाठी, हे नव्याने छापून घेतलं. तिने एक छोटा घाणाही घेतला, त्यात फक्त जुनं बी पडतं. गिऱ्हाइकांपुढचं भाषण मात्र आखूड झालं आहे. कुणी विचारलंच तर सांगते, नाहीतर बाटली देते.

छकुलीचं तेल अजून तिच्याकडूनच जातं. भावजय हसून बाटली घेते, "ताई, चहा टाकते" म्हणते, वागण्यात तसूभर फरक नाही. फक्त बाटली घेतली की ती आधी झाकण काढते, बोटाने एक थेंब खिडकीतल्या काचेच्या तुकड्यावर पसरते आणि बाटली फळीवर ठेवून देते. काचेवरचं तेल चिकट लागेपर्यंत त्या बाटलीतलं पोरीच्या अंगाला लागत नाही. याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. ताई आता नवी बाटली बरीच आधी नेऊन देते, जुनी अर्धी असतानाच, म्हणजे काचेला वेळ मिळतो.